शिंपल्यावरचा दुसरा डोळा

पिंपळगाव राजाच्या बाजारगल्लीत फणीवाल्यांचं घर विचारलं तर अजूनही कुणीही बोट दाखवतं, पण त्या घरात फणी बनून पंधरा वर्षं तरी झाली असतील. प्लास्टिकचा कंगवा टपरीवर मिळायला लागल्यावर शिंगाची फणी कोण घेणार? घरातल्या पुरुषांनी एकेक करून दुसरे धंदे धरले. सईद तेवढा शेवटपर्यंत करवतीला चिकटून राहिला, आणि तो गेल्यावर ती करवत त्याच्या बायकोने, जहांआराने, उचलली. लोकांना वाटलं, बाई चार महिने करील आणि सोडून देईल. दुसऱ्याच्या घरातल्या बाईबद्दल लोकांना फार लवकर काहीबाही वाटतं. जहांआरा आज अठ्ठावन्न वर्षांची आहे, गुडघे कुरकुरतात, आणि तरी रोज सकाळी ओसरीवर पाट मांडून, तोंडाला ओढणी गुंडाळून ती कामाला बसते. शिंगाच्या जागी आता शिंपला आला, एवढाच फरक.

शिंपला मुंबईहून पार्सलने येतो. पंजाएवढे जाड शिंपले, बाहेरून मळकट, आतून दुधाच्या सायीसारखे. पाणी सोडत सोडत कापावे लागतात, नाहीतर भुकटी छातीत जाऊन बसते. त्यातून कानातली, गळ्यातली पदकं, केसात खोवायचे आकडे असं काय काय निघतं. घासायचं आणि चमकवायचं काम मुलगी करते, आसमा. ती चोवीस वर्षांची, बारावी शिकलेली, बोलायला कमी आणि हाताने आईपेक्षा हलकी. हे शेवटचं जहांआरा कुणापुढे कबूल करत नाही.

या घराण्याची एक रीत आहे. डोळा कोरायचा नाही. फणीवर मोर काढा, त्याचा तुरा काढा, पिसारा काढा, पण डोळ्याची जागा कोरी ठेवा. जहांआरा नवी नवरी होऊन आली तेव्हा सासऱ्यांनी तिला पाटासमोर बसवून हे सांगितलं होतं. ज्याने डोळे काढले त्याला कयामतच्या दिवशी उभं करतील आणि म्हणतील, आता यात श्वास घाल. घालता येणार आहे का तुला? अठरा वर्षांची जहांआरा त्या दिवशी जी घाबरली ती आजतागायत घाबरलेलीच आहे. चाळीस वर्षांत तिच्या हातून एकही डोळा उघडला गेला नाही.

पण गिऱ्हाइकाला आंधळा मोर नको असतो. त्यावर दोन्ही घरांच्या जुन्या माणसांनी मिळून तोड काढली होती. गल्लीच्या पलीकडच्या अंगाला सोनाराचं दुकान. मोर इकडे घडायचा, रुमालात बांधून तिकडे जायचा, आणि सोनार कोरायच्या बारीक कलमाने त्याचा डोळा उघडायचा. त्याला त्यात काही अडचण नव्हती, त्याचं तर कामच ते. आसपासच्या गावांतले लोक देवघरातले चांदीचे टाक त्याच्याकडूनच घडवून नेत, आणि टाकावरच्या देवाला डोळे आल्याशिवाय तो देव कसला? सासऱ्यांच्या वेळी शालिग्रामचे वडील होते, आता शालिग्राम आहे. पासष्टीचा, ढेरपोट्या, दिवसभर पान चघळणारा आणि येणाऱ्या-जाणाऱ्याची टर उडवणारा माणूस. इतकी वर्षं काम असं चाललं आणि कुणालाच त्यात काही वावगं वाटलं नाही.

मग करिष्मा आली. गावातल्याच पुष्पाबाईंची ही मुलगी, नागपूरला डिझाइन शिकून परत आलेली, मोबाइलवरून दागिने विकणारी. जहांआराचं काम बाहेर पोचवते तीच. एका दुपारी ती ओसरीवर येऊन बसली आणि फोन पुढे धरून म्हणाली, "चाची, हवाई बेटांवरून ऑर्डर आहे. तिथल्या जंगलाचे देव आणि त्यांची फुलं, शिंपल्यात कोरून पाह्यजेत."

जहांआराने फोटो पाहिला. लेहुआ नावाचं फूल होतं, ते तोडलं की पाऊस पडतो अशी तिकडची समजूत. पाकळ्या दिसतच नव्हत्या, नुसते लालभडक केसर, शिरीषाच्या फुलासारखे चहूबाजूंनी ताठ उभे. तिला मनातून हसूच आलं. केसाएवढे बारीक दाते ओळीने कापायचे, म्हणजे फणीचंच काम की. आख्ख्या मुलखात हे काम कुणाला जमणार असेल तर फणीवाल्यांनाच जमणार. तिने तिथल्या तिथे एका तुकड्यावर करवत धरून बारा केसर कापून दाखवले, आणि करिष्मा अवाक होऊन बघत राहिली.

देव दोन होते. करिष्माने ऑर्डर देणाऱ्या तिकडच्या दुकानवाल्या बाईचा निरोप वाचून मराठीत सांगितला. लाका ही जंगलाची आणि नाचाची देवी. तिला चेहरा नाही. नाच शिकवायच्या जागी तिच्या नावाने न कोरलेला लाकडाचा ठोकळा पिवळ्या कापडात गुंडाळून ठेवत. त्यामुळे तिच्या पदकावर फक्त फूल आणि पानं. दुसरा देव कू. तो झाडाच्या लाकडातला, रुंद जबड्याचा, रागीट तोंडाचा. त्याला मात्र डोळे हवेत, कारण तिकडच्या जुन्या मूर्तींना शिंपल्याचेच डोळे असत.

लाकाचं ऐकून जहांआरा खूश झाली. "पाह्य, समुद्रापल्याडच्या लोकायलेबी अक्कल आहे," ती आसमाला म्हणाली. आसमा कूच्या फोटोकडे बघत बसली होती.

दोन नमुने गेले. कूचा नमुना नेहमीप्रमाणे रुमालात बांधून आसमाच्या हाती शालिग्रामकडे पाठवला होता, आणि तो डोळे उघडून परत आला तेव्हा जहांआराही क्षणभर थबकली होती. दोन बाकदार रेघा आणि मधे एक खोल टिंब, बस इतकंच, पण त्या रागीट चेहऱ्यावर एकाएकी काळजी दिसत होती. आपलं जंगल कुणी तोडतंय का म्हणून तो बघत होता जणू. "म्हातारपणी शालिग्रामभाऊचा हात बसला," ती म्हणाली. आसमाने रिकाम्या रुमालाची घडी घातली.

हवाईहून उत्तर आलं, चाळीस पदकं पाठवा. वीस लाका, वीस कू. आणि एक विनंती, हे डोळे कसे उघडतात त्याचा व्हिडिओ हवा, गिऱ्हाइकांना दाखवायला. एवढी साधी गोष्ट, पण तिथेच सगळं बिनसलं.

सोमवारी करिष्मा दुकानात गेली तर शालिग्राम म्हणाला, आज अमावास्या आहे. मंगळवारी चष्मा खामगावला दुरुस्तीला गेलेला. बुधवारी म्हणे मोबाइलचा उजेड डोळ्यांवर येतो. एरवी हा गडी लग्नातल्या फोटोत सगळ्यात पुढे. त्याने करिष्माला वर चिडवलंही, "तुह्या त्या कूले सांग, आमच्या म्हसोबाचा मावसभाऊ दिसतो. अन् ते फूल तोडलं की पाणी पडते म्हणे? मंग दोन-चार झाडं इकळे लाव ना बाई." करिष्मा हसत परत आली, पण व्हिडिओ मिळाला नाही. जहांआराला आश्चर्य वाटलं, मग राग आला. वीसही कू बिनडोळ्यांचे पडून होते, काम खोळंबलं होतं आणि माणूस पान खात गंमत करत होता.

बाजाराच्या दिवशी दुपारी ती भाजी घ्यायला निघाली. आसमा शिवणाच्या क्लासला गेली होती, निदान तसं सांगून गेली होती. परत येताना जहांआराने ठरवलं, आता शालिग्रामला समोरासमोरच विचारू. पुढून गर्दी म्हणून ती मागच्या बोळातून गेली. दुकानाचं मागचं दार अर्धं उघडं होतं. तिने आत पाहिलं आणि हातातल्या पिशवीतून दोन वांगी खाली घरंगळली.

शालिग्राम भिंतीला टेकून पेपर वाचत होता. त्याच्या जागेवर, त्याच्या गादीवर, डोळ्याला भिंग लावून आसमा बसली होती. तिच्या डाव्या हातात कूचं पदक होतं आणि उजव्या हातात कलम. कलम चाललं, थांबलं, पुन्हा चाललं. आसमाने पदकावर फुंकर मारली. समोरच्या लाल मखमलीवर एक चांदीचा टाक पडला होता, देवाचे दोन्ही डोळे उघडलेले, बाजूला चांदीचा ताजा कीस.

जहांआराला वाटलं आपण चुकीच्या दारातून चुकीच्या घरात पाहतोय, ही दुसऱ्या कुणाचीतरी मुलगी आहे. मग आसमाने मान वर केली. मायलेकींची नजरानजर झाली. आसमाचा चेहरा पांढराफटक पडला आणि शालिग्रामच्या हातातला पेपर खाली आला. त्याचा उजवा हात थडथड उडत होता. जहांआराने तो हात इतक्या वर्षांत कितीदा पाहिला असेल, पण तो असा थरथरताना तिने आज पहिल्यांदाच पाहिला.

ती आत गेली, आसमाच्या हातातलं पदक काढून घेतलं, ओढणीच्या टोकाला बांधलं आणि घराकडे चालू लागली. वाटेत कुणीतरी सलाम केला, तिला ऐकू आला नाही. वांगी बोळातच राहिली.

घरी येऊन ती पाटावर बसली आणि तशीच बसून राहिली. तिला कुठली आठवण यावी तर आसमा सहा वर्षांची असतानाची. आसमाने चिंधीच्या बाहुलीला काजळाने डोळे काढले होते. जहांआराने अंगठा थुंकीने ओला करून ते पुसले. पुसले कसले, बाहुलीचं सगळं तोंड काळं झालं. पोरगी रडली नव्हती. तिने फक्त विचारलं होतं, मग हिला दिसणार कसं? त्यावर जहांआराने तिला कयामतचा तो प्रश्न सांगितला होता, सासऱ्यांनी आपल्याला सांगितला होता तसाच.

आसमा मागोमाग आली आणि उंबऱ्यातच उभी राहिली.

"किती दिवसापासून?" जहांआराने विचारलं.

"तीन वर्ष झाले."

जहांआराला वाटलं होतं, ती म्हणेल आज पहिल्यांदाच. तीन वर्षं हा आकडा तिच्या अंगावरच आदळला. तीन वर्षांत किती मोर, किती राघू. शालिग्रामचा हात बसला म्हणून आपण केलेली तारीफ तिला आठवली आणि कानशिलं तापली.

"अन् टाक?"

आसमाने मान खाली घातली. "टाकबी."

"या अल्लाह," जहांआरा पुटपुटली. "त्यानं तुले लावलं या कामाले?"

"नाई, अम्मी. काकांच्या हातून एका मोराचा डोळा फुटला. ते लहान लेकरासारखे रडले. म्हणाले, आता दुकान बंद. मी म्हटलं, मले एकडाव पाहू द्या." मग आसमा जे बोलली ते बोलायची काही गरज नव्हती, पण ही मुलगी खोटं बोलायची वेळ आली की गप्प बसते आणि खरं बोलायची आली की थांबत नाही. "काकांसाठी केलं असं म्हणीन तर ते अर्धं खोटं होईन. मले जमते, अम्मी. डोळा उघडला की मले वाटते, मी काहीतरी केलं."

जहांआराने हात उगारला नाही. ती मारकुटी बाई नव्हती, आणि मारण्याइतकी ताकदही त्या घडीला तिच्यात उरली नव्हती. तिच्या डोळ्यांसमोर एकच दृश्य होतं. एक मोठं मैदान, न संपणारी रांग, आणि त्या रांगेत एकटी उभी तिची आसमा, पुढ्यात शेकडो उघडे डोळे. घाल श्वास यांच्यात. आणि ही काय घालणार होती? ज्या भीतीपासून जहांआराने स्वतःला चाळीस वर्षं जपलं, त्या भीतीत तिची मुलगी आपल्या पायाने चालत गेली होती, तेही गल्ली ओलांडून, रोज, आईच्या डोळ्यांदेखत.

"उद्यापासून तिकडे जायचं नाई," ती एवढंच म्हणाली. आसमाने बरं म्हटलं. ती इतक्या सहज बरं म्हणाली की जहांआरा आणखीच हादरली.

दुसऱ्या दिवशी शालिग्रामचं दुकान उघडलं नाही. करिष्मा धावत आली, काय झालं म्हणून. जहांआराने सांगितलं, शालिग्रामभाऊची तब्येत बरी नाही, कूला डोळे देता येणार नाहीत. करिष्माने हवाईला निरोप धाडला आणि संध्याकाळी उत्तर घेऊन आली. डोळे नसतील तर कू पाठवू नका, लाकाच पाठवा, तिला चेहरा नाहीच, तेवढ्यावर आम्ही भागवू. करिष्माला हायसं वाटलं. जहांआरालाही वाटायला हवं होतं. सुटका अशी आयती चालून आलेली कुणाच्या नशिबात असते?

पण ओढणीच्या टोकाला बांधलेलं ते पदक होतं ना. घरी आल्यावर तिने ते सोडून फळीवर ठेवलं होतं. आसमाचं काम अर्ध्यावर तुटलं होतं, त्यामुळे त्या कूचा एकच डोळा उघडा होता. दुसऱ्या जागी कोरी, गुळगुळीत चकाकी. तो एक डोळा ओसरीभर तिच्या मागे फिरायचा. तिने पदक पालथं घातलं. पालथं घातल्यावर वाटायला लागलं, कुणाचं तरी नाक-तोंड दाबून ठेवलंय. पुन्हा सुलटं केलं. पुसून टाकावा म्हणून कानस उचलली आणि खाली ठेवली, कारण शिंपल्यावर पडलेली रेघ पुन्हा भरत नाही. ती जाईल तर चेहऱ्यासकट जाईल. फणीवाल्यांच्या घरात अर्धवट टाकलेलं काम असं कधी राहिलं नव्हतं. आंधळे मोर राहिले होते, पण आंधळा मोर दुसऱ्या घरी जाऊन पूर्ण व्हायचा. हा एकडोळ्या कुठे जाणार?

आणि आसमा. ती गप्प बसून लाकाची फुलं घासत होती. काम चोख, चूक काही नाही, फक्त हातात जीव नव्हता. दोन दिवसांत ती कशाकडे नीट बघतही नव्हती. जहांआराला वाटलं, मी बाहुलीचं तोंड दुसऱ्यांदा पुसलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी शालिग्रामच्या दुकानाचं दार उघडलेलं दिसलं, तशी ती चप्पल घालून निघाली. तिला त्याच्याशी भांडायचं होतं. मोठमोठ्याने, गल्लीला ऐकू जाईल असं भांडायचं होतं.

शालिग्राम गादीवर नव्हता, गिऱ्हाइकाच्या बाकावर बसला होता. तिला पाहून तो उठून उभा राहिला.

"भाभी, चूक माही आहे," तो म्हणाला. आज तोंडात पान नव्हतं. "माह्यावर काढा राग, पोरीवर नका काढू. घरी बायकोलेबी सांगितलं नाई मी. माहा हात गेला हे कोणाले सांगू? सोनाराचा हात गेला की त्याच्यापाशी राह्यते काय?"

"तुमचा हात गेला म्हणून माही पोरगी नरकात घालाल तुम्ही?"

तिने हे इतक्या हळू विचारलं की शालिग्रामला ते ओरडण्याहून जास्त लागलं. तो म्हणाला, "ते हुशार आहे, भाभी. तुम्हाले वाटते तिले भेव नाई? लई भेव आहे. पहिला डोळा ते एकटी उघडते. दुसऱ्या डोळ्याले माहा हात धरते. हा असा थरथरता हात कलमावर ठेवते, वरून आपला हात दाबते, अन् मंग चालवते. मी म्हटलं, काऊन वं? तर म्हणते, काका, पुरा तुमच्या हातानं झाला. तिथं विचारतीन तर तुम्ही बोलजा, मी तर अर्धाच केला."

जहांआरा बाकावर बसली. मुलीला सगळं ठाऊक होतं. मैदान, रांग, श्वास घालायचा प्रश्न, सगळं. सहा वर्षांची असताना जे ऐकलं त्यातलं एक अक्षर ती विसरली नव्हती. तीन वर्षं ती रोज घाबरत होती आणि रोज करत होती, आणि त्या भीतीत हात धरायला तिला आई नव्हे तर गल्लीपलीकडचा सोनार सापडला होता.

तेवढ्यात दुकानाच्या पायरीवर चपला वाजल्या. रंगराव आले, पिंपळगावचेच, शेतीवाडीवाले, घरात लग्न निघालेलं. बाजाराच्या दिवशी संध्याकाळी रंगरावांनी टाक न्यायला माणूस पाठवला होता, आज ते स्वतः आले होते.

"शालिग्राम, तुले सांगाले आलो," ते म्हणाले. "टाक देवघरात बसवला. माही माय नव्वद वर्षाची, तिले धड दिसत नाई. ते टाकासमोर बसली अन् म्हणते, बापू, हा माह्याकडे पाहून राह्यला. कालपासून तिथून उठत नाई. तुहा हात देवाचा आहे, लेका."

शालिग्रामने मान वर केली नाही. तो जहांआराकडे बघतही नव्हता, पण त्याचा सगळा जीव तिच्या ओठांवर अडकला होता. तिने एक वाक्य बोललं असतं तर त्याचं दुकान, त्याचं नाव, आसमाचं गावात राहणं, सगळं त्या वाक्यासरशी गेलं असतं. भांडायला आलेली बाई होती ती. जहांआराने ओठ उघडले.

"शालिग्रामभाऊचा हात लई वर्षाचा आहे," ती म्हणाली.

रंगराव हसले, पानासाठी पैसे ठेवून गेले. आणि जहांआराला जो धक्का बसला तो या साऱ्या दिवसांतला सगळ्यात मोठा होता, कारण तो बाहेरून आलाच नव्हता. रंगराव बोलत असताना तिची छाती भरून आली होती. भीतीने नव्हे, लाजेने नव्हे. नव्वद वर्षांच्या अंधुक डोळ्यांच्या बाईला तिच्या मुलीने कुणीतरी आपल्याकडे पाहतंय असं वाटायला लावलं होतं, आणि जहांआराला त्याचा अभिमान वाटला होता. आपल्यालाच आपण अशा सापडू असं तिला कधी वाटलं नव्हतं.

ती घरी आली. आसमा ओसरीवर होती. जहांआराने हातपाय धुतले, पाटावर येऊन बसली आणि फळीवरचं एकडोळं पदक खाली घेतलं.

"कलम आण."

आसमाला वाटलं, आता ते फोडायचं. ती उठली. "काकांचं तर तिकडेच..."

"त्याचं नाई. तुहं. तुहं असन ना एक."

आसमा घरात गेली आणि पेटीच्या तळातून कापडात गुंडाळलेलं कलम घेऊन आली. जहांआराने कापड उलगडलं. ती कानस होती, सईदची, जी टोक तुटल्यावर त्याने फेकून दिली होती असं तिला वाटलं होतं. आसमाने तिचं तुटकं टोक घासून सुईसारखं केलं होतं. मूठ तीच, नवऱ्याच्या अंगठ्याने झिजलेली. जहांआराचा हात त्या खोलगटीत आपोआप बसला.

"शालिग्रामभाऊचा हात कसा धरते तू?"

आसमा तिच्याकडे बघतच राहिली.

"दाखव. दुसरा डोळा राह्यला आहे."

"अम्मी, नको," आसमा म्हणाली. "तुम्ही नका. तुमच्या हातून कधी... तिथं तुम्हाले विचारतीन."

"मंग कोणाले विचारतीन? तुले?" जहांआरा म्हणाली. "एवढ्या मोठ्या मैदानात एकटी उभी राहशीन? शालिग्रामभाऊ तिथं दुसऱ्या रांगेत असन, तो कुठून येईन तुह्यासाठी बोलाले? धर हात."

आसमाने आपला हात आईच्या हातावर ठेवला. शालिग्रामसोबत हात थरथरायचा तो त्याचा, इथे दोघींचेही थरथरत होते. कलमाचं टोक कोऱ्या जागेवर टेकलं. जहांआराने डोळे मिटले, मग उघडले, कारण मिटून काही काम होत नाही. पहिला बाक गेला, दुसरा गेला. मधलं टिंब आसमाने दाबलं तेव्हा शिंपल्यातून बारीक कर्र असा आवाज आला.

तिने ओढणीच्या टोकाने भुकटी पुसली. दोन्ही डोळे उघडले होते. दुसरा थोडा तिरपा आला होता, त्यामुळे कू जरा रडवेला दिसत होता.

आसमाने तो सरळ करायला हात पुढे केला. जहांआराने पदक बाजूला रुमालावर ठेवून दिलं. तिचा चेहरा भिजला होता आणि तिने तो पुसलाही नाही. करिष्माला निरोप द्यायचा होता, लाका आणि कू दोन्ही येतील म्हणून. शालिग्रामकडेही कुणीतरी जायला हवं होतं. ते सगळं नंतर.

"एकोणीस राह्यले," ती म्हणाली. "पुढचा दे."